स्पार्क प्लग: ठिणगी कशी पडते, प्लग कसा वाचायचा आणि नीट कसा बदलायचा

सकाळी सेल्फ नेहमीपेक्षा दोन-तीन सेकंद जास्त फिरतो. सिग्नलला उभे असताना स्टिअरिंगला बारीक थरथर जाणवते. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की गाडी अडखळते. गॅरेजमध्ये याला ‘मिसिंग’ म्हणतात आणि पहिला संशय स्पार्क प्लगवर जातो. तो बऱ्याचदा बरोबरही निघतो. मग जुने प्लग भंगारात जातात, नवे बसतात आणि काम झाले असे समजले जाते. इथेच चूक होते. इंजिन न उघडता ज्वलनकक्षातून बाहेर काढून हातात धरता येतील असे भाग मोजकेच असतात आणि त्यांत प्लग सर्वात बोलका. तो आधी वाचावा, मग फेकावा.

पुढचे सगळे वर्णन चार सिलिंडरच्या, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या पेट्रोल गाडीचे आहे. आजच्या रस्त्यावरच्या बऱ्याच छोट्या-मध्यम गाड्या याच रचनेच्या आहेत. सीएनजीचा मुद्दा वेगळा, तो शेवटाकडे घेतला आहे. डिझेल गाडीत स्पार्क प्लग नसतोच. तिथे हवा दाबूनच इतकी तापते की डिझेल आपोआप पेटते. डिझेलमधला ग्लो प्लग थंड इंजिन सुरू होताना गरमी देण्यापुरता असतो.

बारा व्होल्टमधून तीस हजार व्होल्ट

बॅटरीचे १२ व्होल्ट प्लगच्या टोकाशी असलेल्या एक मिलिमीटरच्या फटीतून उडी मारू शकत नाहीत. हे काम कॉइल करते. कॉइलमध्ये एकाच लोखंडी गाभ्यावर दोन गुंडाळ्या असतात. प्रायमरीत जाड तारेचे थोडे वेढे असतात. सेकंडरीत केसासारख्या बारीक तारेचे साधारण शंभरपट वेढे असतात. इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, प्रायमरीतून काही मिलिसेकंद करंट सोडतो आणि गाभ्यात चुंबकीय क्षेत्र तयार होते. मग तो करंट झटक्यात तोडतो. क्षेत्र कोसळते आणि प्रायमरीतच तीन-चारशे व्होल्टचा उसळा येतो. सेकंडरीत त्याचे शंभरपट होतात, म्हणजे ३० ते ४० हजार व्होल्टची क्षमता तयार होते. करंट चालू असताना ठिणगी पडत नाही, तो तुटताना पडते. एवढे लक्षात ठेवले की पुढचे बरेच दोष आपोआप समजतात.

कॉइलची क्षमता चाळीस हजारांची असली तरी प्रत्येक वेळी तेवढे व्होल्टेज लागत नाही. फटीतला वायू फुटून वाहक होईपर्यंतच व्होल्टेज चढते. ते किती चढावे लागेल हे तीन गोष्टींवर ठरते: फट किती रुंद आहे, त्या क्षणी सिलिंडरमध्ये दाब किती आहे आणि इलेक्ट्रोडची, म्हणजे फटीच्या दोन्ही बाजूंच्या धातूच्या टोकांची, कड किती धारदार आहे. नवा प्लग हलक्या लोडवर दहा-बारा हजारांत पेटतो. झिजलेल्या प्लगची फट वाढलेली असते, कडा गोल झालेल्या असतात. त्यातच चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर सिलिंडरमधला दाब वाढतो आणि लागणारे व्होल्टेज कॉइलच्या आवाक्याबाहेर जाते. म्हणूनच खराब प्लगची गाडी आयडलला, म्हणजे उभी असताना, गुपचूप चालते आणि घाटात मिसिंग करते. आयडलला मिसिंग आणि वेगात ठीक असे उलटे चित्र दिसले, तर प्लगबरोबर हवा गळणारा व्हॅक्यूम पाइप आणि इंजेक्टरही तपासा.

ठिणगी साधारण एक ते दीड मिलिसेकंद टिकते. ३००० आरपीएमला क्रँक, म्हणजे पिस्टनला जोडलेला फिरता दांडा, एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण नीट पेटून दाब शिगेला पोहोचायला दोनेक मिलिसेकंद लागतात. पिस्टन वर पोहोचल्यावर ठिणगी टाकली तर दाब तयार होईपर्यंत पिस्टन बराच खाली गेलेला असेल. म्हणून ईसीयू पिस्टन वर येण्याआधीच ठिणगी टाकतो. आयडलला साधारण १० अंश आधी, वेगात ३० अंश किंवा त्याहूनही आधी. ३००० आरपीएमला प्रत्येक प्लग सेकंदाला २५ वेळा पेटतो. तासाभराच्या हायवे प्रवासात एका प्लगच्या नव्वद हजार ठिणग्या होतात.

कॉइल आणि प्लग यांची ही जोडी नवी नाही. बॉश कंपनीचे अभियंते गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च व्होल्टेजचा मॅग्नेटो, म्हणजे चुंबकाने वीज तयार करणारे यंत्र, आणि त्याबरोबरचा स्पार्क प्लग १९०२ मध्ये आणला. आजचा प्लग पाहिला तर मूळ आकृती तीच आहे, सुधारणा झाली ती धातू आणि चिनीमातीत.

प्लग वरून खाली पाहताना

सर्वात वर टर्मिनल. त्यावर कॉइलच्या रबरी बुटातली स्प्रिंग टेकते. त्याखाली पांढरी चिनीमाती, खरे तर ॲल्युमिना सिरॅमिक. काही प्लगवर त्याला आडव्या कड्या असतात. त्या शोभेच्या नाहीत. वीज पृष्ठभागावरून खाली घसरून धातूला भिडू नये म्हणून त्या वाट लांबवतात. मग षटकोनी भाग, ज्यावर पाना बसतो, त्याखाली वॉशर आणि आटे. आत, मधल्या इलेक्ट्रोडच्या मार्गात साधारण ५ किलो-ओहमचा रेझिस्टर असतो. तो नसेल तर ठिणगीचा विद्युत-गोंगाट रेडिओत खरखरतो आणि ईसीयूच्या सेन्सरांनाही गोंधळात टाकतो. रेझिस्टर असलेल्या प्लगच्या जागी बिनरेझिस्टरचा प्लग कधीही लावू नका.

टोकाला मधला इलेक्ट्रोड आणि त्यावर वाकलेला बाजूचा, म्हणजे अर्थ इलेक्ट्रोड. साध्या प्लगमध्ये दोन्ही निकेल मिश्रधातूचे असतात आणि मधल्याच्या पोटात उष्णता वाहून न्यायला तांब्याचा गाभा असतो. निकेल १४५५ अंश सेल्सिअसला वितळते, प्लॅटिनम १७६८ ला आणि इरिडियम २४४० अंशांच्या पुढे. म्हणून इरिडियमचे टोक ०.४ ते ०.६ मिमी इतके बारीक ठेवूनही टिकते. बारीक टोकावर विद्युत क्षेत्र एकवटते आणि ठिणगी कमी व्होल्टेजला पडते. इरिडियमने गाडीची ताकद वाढते अशी समजूत आहे. सुस्थितीतल्या निकेल प्लगच्या तुलनेत तसा फरक जाणवणार नाही. फायदा आहे तो आयुष्याचा. निकेल प्लग साधारणपणे २० ते ४० हजार किमी चालतात, तर दोन्ही इलेक्ट्रोडवर मौल्यवान धातू असलेले ८० हजार ते १ लाख किमी. गाडीच्या पुस्तिकेत आकडा असतो, तोच अंतिम माना.

हीट रेंज आणि नंबर

प्लगचे टोक साधारण ४५० अंशांच्या वर राहिले तरच त्यावर बसणारी काजळी जळून जाते. ८००-९०० अंशांच्या पलीकडे गेले तर ठिणगीआधीच लालभडक टोक मिश्रण पेटवू लागते आणि पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. या दोन टोकांमध्ये राहायचे म्हणजे प्लगने उष्णता किती लवकर हेडकडे, म्हणजे तो ज्यात बसतो त्या इंजिनच्या वरच्या भागाकडे, सोडायची, हे आधी ठरवावे लागते. यालाच हीट रेंज म्हणतात. आतल्या चिनीमातीचे नाक लांब असेल तर उष्णतेची वाट लांब होते, तो ‘गरम’ प्लग. नाक आखूड असेल तर ‘थंड’. ठिणगीच्या ताकदीशी याचा काही संबंध नाही.

नंबर वाचताना फसगत होते ती इथेच. एनजीके आणि डेन्सो यांच्यात आकडा मोठा म्हणजे प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियन यांच्यात आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. त्यामुळे ‘जवळचा नंबर’ म्हणून कंपनी बदलून प्लग घेऊ नये. त्या कंपनीचा समतुल्य नंबर तक्त्यात पाहूनच घ्यावा.

बीकेआर६ई-११ हा एनजीकेचा रुळलेला नंबर घेऊ. बी म्हणजे आट्यांचा व्यास १४ मिमी, के म्हणजे १६ मिमीचा पाना लागणारा षटकोन, आर म्हणजे रेझिस्टर, ६ ही हीट रेंज, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी आणि ११ म्हणजे फट १.१ मिमी. यातली आट्यांची लांबी सर्वात घातक. १९ मिमीच्या जागी २६.५ मिमीचा प्लग बसवला तर तो आत डोकावतो. मग पिस्टन किंवा व्हॉल्व्ह त्याला ठोकू शकतो. उलट आखूड प्लग लावला तर हेडचे खालचे आटे उघडे पडून त्यात कार्बन भरतो आणि पुढच्या वेळी बरोबर लांबीचा प्लग तिथे बसताना आटे फाडतो. दुकानात जुना आणि नवा प्लग शेजारी धरून पाहायला दहा सेकंद लागतात, ते पाहाच.

बाजारात नकली प्लगही भरपूर आहेत. चिनीमातीवरची छपाई पुसट किंवा वाकडी, बाजूचा इलेक्ट्रोड मधल्याच्या बरोबर वर न येता तिरका, वॉशर सैल होऊन हातात येणारा, आटे खरखरीत: यातले एकही दिसले तर घेऊ नका. मल्टिमीटर असेल तर टर्मिनल ते मधला इलेक्ट्रोड रोध मोजा. रेझिस्टर प्लगमध्ये तो साधारण ३ ते ८ किलो-ओहम येतो. शून्याजवळ आला तर आत रेझिस्टरच नाही.

काय काय लागेल

आत रबर असलेली प्लगची गोटी, म्हणजे सॉकेट, बहुतेक गाड्यांना १६ मिमीची आणि काही नव्या इंजिनांना १४ मिमीची. १५ ते २५ सेमीचे एक्स्टेन्शन, रॅचेट, कॉइलच्या बोल्टसाठी १० मिमीची गोटी, ठरलेल्या जोरानेच आवळू देणारा टॉर्क रेंच, फट मोजायचा तारेचा फीलर गेज, हवा मारायला कॉम्प्रेसर किंवा हातपंप, आठ इंच लांब रबरी पाइपचा तुकडा आणि विजेच्या जोडणीला लावायचे सिलिकॉन ग्रीस. टॉर्क रेंच नसेल तर काय करायचे तेही पुढे सांगितले आहे, पण वर्षातून दोन वेळा जरी बोनेट उघडत असाल तरी तो विकत घ्यावा. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले तर दुरुस्तीचा खर्च रेंचच्या किमतीच्या कितीतरी पट होतो.

काढताना

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, शक्यतो रात्रभर. ॲल्युमिनियम आणि पोलाद वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. गरम हेडमधून प्लग काढताना मऊ आटे ओढले जातात. चावी काढून ठेवा.

२. इंजिनवरचे प्लास्टिक कव्हर सरळ वर ओढून काढा. कॉइलच्या कनेक्टरची कळ दाबून कनेक्टर बाहेर घ्या, वायर ओढू नका. पाच-सात वर्षांच्या उष्णतेने ही कळ ठिसूळ होते आणि तुटली की कनेक्टर खड्ड्यांवर सैल होत राहतो.

३. १० मिमीचा बोल्ट काढा. कॉइल लगेच वर उपटू नका. आधी तिला डावी-उजवीकडे थोडी फिरवा, चिकटलेला रबरी बूट सुटतो, मग वर घ्या. बुटाच्या आत पाहा. आत पांढरट किंवा काळी उभी रेघ दिसली तर तिथून वीज अर्थला पळत होती. नवा प्लग लावला तरी ती पळतच राहणार, म्हणून बूटही बदला.

४. आता विहीर पाहा, म्हणजे प्लग ज्या नळीत खोल बसतो ती. इथे तेल साचले असेल तर टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधील नळीचे सील गेले आहे. पाणी असेल तर ते इंजिन प्रेशरने धुताना किंवा पावसात शिरले आहे. तेल-पाणी कपड्याने टिपून घ्या, मग जोरात हवा मारा. डोळ्यांवर चष्मा असू द्या. ही पायरी कंटाळा करून सोडू नका. प्लग निघाला की विहिरीतली वाळू सरळ पिस्टनवर पडते आणि सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे काढते. आपल्या रस्त्यांवरच्या धुळीत तर चारही विहिरी कोरड्या असल्या तरी स्वच्छ नसतात.

५. गोटी षटकोनावर पूर्ण बसली की सरळ धरून सैल करा. गोटी तिरकी असेल तर चिनीमाती मोडते. पहिला कट् असा आवाज येऊन प्लग सुटला की ठीक. पण फिरताना कुरकुरत असेल, जड होत असेल, तर थांबा. पाव फेरी परत आत फिरवा, गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन-तीन थेंब टाका, अर्धा तास जाऊ द्या आणि पुढे-मागे करत काढा. जोर लावून घाईने काढलेल्या प्लगबरोबर हेडचे आटे निघून येतात.

६. एका वेळी एकच सिलिंडर उघडा. निघालेले प्लग एका पुठ्ठ्यात चार भोके पाडून, नंबर लिहून क्रमाने खोवा. बहुतेक आडव्या इंजिनांत टायमिंग चेन किंवा बेल्टच्या बाजूचा सिलिंडर एक नंबरचा.

प्लग वाचताना

चारही प्लग उन्हात शेजारी शेजारी ठेवा. आतली चिनीमाती, म्हणजे मधल्या इलेक्ट्रोडभोवतीचे नाक, फिकट करडे किंवा चहात बुडवून काढलेल्या बिस्किटासारखे तपकिरी असेल आणि चारही एकसारखे असतील, तर ज्वलन निरोगी आहे. कडा गोल झाल्या असल्या तरी हरकत नाही, तो वयाचा भाग.

काळी, कोरडी, बोटाला लागणारी भुकटी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा टोक पुरेसे तापत नाही. चारही प्लगवर असेल तर एअर फिल्टर, ऑक्सिजन सेन्सर, कूलंटचा थर्मोस्टॅट पाहा. पण सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये याचे कारण बऱ्याचदा साधे असते. दुसऱ्याची गाडी बाहेर काढायची म्हणून आपली सुरू केली, दहा फूट मागे घेतली, बंद केली. थंड इंजिनला ईसीयू जास्त पेट्रोल देतो, ते जळायच्या आत इंजिन बंद होते आणि प्लगवर काजळी बसते. कार्बन विजेचा वाहक आहे. ठिणगीची वीज फटीतून उडी न मारता काजळीवरून अर्थला जाते आणि दुसऱ्या दिवशी गाडी सुरू होत नाही. अशा वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत ईसीयू तेव्हा पेट्रोल बंद ठेवतो आणि हवेने सिलिंडर कोरडा होतो.

काळा पण ओला, चकचकीत, वास घेतला तर तेलाचा: व्हॉल्व्हचे सील किंवा पिस्टन रिंगमधून ऑइल आत येते आहे. एकच प्लग असा असेल तर त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजून घ्या. इथे महागडे प्लग लावणे म्हणजे पैसे वाया. ओला आहे पण वास पेट्रोलचा येतो, तर त्या प्लगला ठिणगीच मिळालेली नाही, कॉइल तपासा.

खडूसारखे पांढरे नाक, त्यावर बारीक फोड किंवा वितळलेले मणी, हा गंभीर इशारा आहे. प्लग फार तापला आहे. कारण चुकीची हीट रेंज, कमी पेट्रोल, कूलंटची कमतरता किंवा सैल बसलेला प्लग. शेवटचे कारण अनेकांना पटत नाही, पण प्लगची बरीचशी उष्णता आटे आणि वॉशरमार्गेच हेडला जाते. वॉशर दाबला गेला नसेल तर त्या उष्णतेला वाट नाही.

विटकरी लालसर थर दिसला तर तो मँगनीज किंवा लोखंड असलेल्या ऑक्टेन वाढवण्याच्या ॲडिटिव्हचा असतो. बाटली ओतणे बंद करा. तीन प्लग तपकिरी आणि एकच धुतल्यासारखा लख्ख असेल, तर कूलंटची पातळी लगेच पाहा. हेड गॅस्केटमधून पाणी आत जाऊन वाफेने तो प्लग धुतला जात असण्याची दाट शक्यता आहे. नाकाला तडा किंवा टवका गेला असेल तर नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण अवेळी भडकून बसणाऱ्या ठोक्यांचा, विचार करा.

एका डागाबद्दल मात्र निष्कारण भीती पसरलेली आहे. षटकोनाच्या लगेच वर, बाहेरच्या पांढऱ्या चिनीमातीवर तपकिरी पट्टा दिसतो आणि ‘कॉम्प्रेशन लीक आहे’ असे सांगितले जाते. तो पट्टा उच्च व्होल्टेजच्या क्षेत्राने हवेतले तेलकट कण खेचून घेतल्याचा असतो. निरुपद्रवी. उभी, विजेच्या रेघेसारखी काळी खूण असेल तर ती मात्र वीज बाहेरून पळाल्याची.

काजळी काढायला काचपेपर किंवा तारेचा ब्रश वापरायची सवय जुनी आहे. निकेल प्लगवर त्याने काम तात्पुरते भागते, पण तारेचा धातू चिनीमातीवर घासला जाऊन नवी वाहक रेघ तयार होते. इरिडियमच्या टोकाला तर ब्रशने हातही लावू नका, सुईएवढे टोक मोडते.

फट

नवा प्लग खोक्यातून निघाला म्हणजे फट बरोबरच असेल असे गृहीत धरू नका. प्रवासात पडझड होते. तारेचा गेज हलक्या घर्षणाने सरकला पाहिजे. साध्या पेट्रोल इंजिनांत फट बहुतेक ०.८ ते १.१ मिमी असते, टर्बो इंजिनांत त्याहून कमी, कारण तिथे दाब जास्त. बदल करायचा झाला तर फक्त बाजूचा इलेक्ट्रोड, मुळाशी धरून, अगदी थोडा हलवा. मधल्या इलेक्ट्रोडवर टेकू देऊन उचकटू नका. इरिडियम प्लगची फट चुकीची आली तर दुकानात बदलून घेणे शहाणपणाचे. जमिनीवर पडलेला प्लग लावू नका. चिनीमातीतला केसासारखा तडा डोळ्यांना दिसत नाही आणि तीस हजार व्होल्टला तो लगेच सापडतो.

बसवताना

प्लगच्या टर्मिनलवर रबरी पाइपचा तुकडा चढवा, विहिरीत सोडा आणि पाइप बोटांनी फिरवत आटे धरू द्या. आटे वाकडे बसत असतील तर रबर प्लगवर घसरते आणि हेडचा जीव वाचतो. रॅचेटला हे कळत नाही. आधी उलटे फिरवून आटा खाली पडल्याचा टिक् असा धक्का जाणवला की तिथून सुलटे फिरवायचे. चार-पाच फेऱ्या बोटांनी सहज गेल्याच पाहिजेत.

वॉशर हेडला टेकला की टॉर्क रेंच घ्या. पुस्तिकेतला आकडा प्रथम. तो हाताशी नसेल तर वॉशर असलेल्या प्लगसाठी ॲल्युमिनियम हेडमध्ये १४ मिमी आट्यांना २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५ ते २०, १० मिमीला १० ते १२. रेंच नसेल तर नवा १४ मिमीचा प्लग हाताने टेकेपर्यंत घट्ट करून पुढे अर्धी ते दोन-तृतीयांश फेरी. या फेरीत नवा वॉशर चिरडला जातो, तो मऊसा दाब हाताला कळतो. तोच प्लग परत लावत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, मग फेरीचा बारावा भागच पुरे. वॉशर नसलेल्या, शंकूच्या बैठकीच्या प्लगला सोळावा भाग.

आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ, म्हणजे आटे चिकटू न देणारी पेस्ट, लावायचा सल्ला सगळीकडे मिळतो. आजच्या बहुतेक प्लगच्या आट्यांवर मुलामा असतो आणि उत्पादक ते लावू नका असेच सांगतात. आटे निसरडे झाले की त्याच टॉर्कला प्लग ठरल्यापेक्षा जास्त आवळला जातो, आटे ताणले जातात, प्लगचे धातूचे कवच लांबते आणि आतली हवाबंद जोडणी ढिली होते.

कॉइलच्या बुटाच्या तोंडाशी, आतल्या बाजूला सिलिकॉन ग्रीसचे अगदी पातळ बोट फिरवा. स्प्रिंगवर लावू नका. कॉइल खाली दाबताना ती टर्मिनलवर बसल्याचे हाताला जाणवते. बोल्ट प्लास्टिकमधून जातो, त्याला हलक्या हाताने आवळा. कनेक्टर कट् करून लॉक झालाच पाहिजे.

सीएनजी असेल तर

पुण्या-मुंबईत सीएनजीच्या गाड्या भरपूर दिसतात आणि प्लगची खरी परीक्षा याच गाड्यांत होते. सीएनजी वायू पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. पेट्रोलचे थेंब बाष्प होताना जो गारवा देतात तो इथे नसतो. त्यामुळे तोच झिजलेला प्लग पेट्रोलवर ठीक चालतो आणि गॅसवर मिसिंग करतो. गाडी गॅसवर अडखळते, स्विच दाबून पेट्रोलवर घेतली की सुतासारखी सरळ चालते, असे असेल तर किटला दोष देण्याआधी प्लग आणि कॉइल पाहा. बाहेरून बसवलेल्या किटच्या गाड्यांत फट किंचित कमी, ०.७ ते ०.८ मिमीच्या आसपास ठेवण्याची पद्धत आहे. कंपनीच्या सीएनजी गाडीला तिच्या पुस्तिकेतलाच प्लग आणि फट ठेवा. बदलण्याचे अंतर पेट्रोल गाडीपेक्षा आधीचे धरा आणि बूट प्रत्येक वेळी तपासा. जास्त व्होल्टेज झाले की वीज सर्वात कमजोर रबरातूनच वाट काढते.

सुरू केल्यावर

पहिल्यांदा सुरू करून दोन मिनिटे आयडलला ठेवा. टिक-टिक असा आवाज येत असेल तर ठिणगी बाहेर पडते आहे. फुस्-फुस् येत असेल तर प्लग नीट बसलेला नाही. मग लोडवर, एखाद्या चढावर चालवून पाहा.

चेक इंजिनचा दिवा लागून राहिला तर स्कॅनर लावा. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचे मिसफायर (हेच ते मिसिंग), पी०३०४ म्हणजे चौथ्याचे, पी०३०० म्हणजे कुठल्या एकाच सिलिंडरला न बांधलेले. समजा पी०३०२ आला. दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा, कोड पुसा, पुन्हा चालवा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल दोषी. दुसऱ्यावरच राहिला तर प्लगची तशीच अदलाबदल करा. तरीही हलला नाही तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशनकडे वळा. इंजिन चालू असताना एकेक कॉइल उपसून बघण्याची जुनी पद्धत इथे वापरू नका. उघड्या कॉइलची वीज तिच्याच आवरणातून फुटते, हाताला जबर झटका बसतो आणि न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटते. दिवा नुसता लागून न राहता लुकलुकत असेल तर नेमके हेच चालू आहे. ॲक्सिलरेटर सोडा, गाडी सुरक्षित बाजूला घ्या आणि तो सिलिंडर सापडेपर्यंत पुढे चालवू नका.